सोळाव्या होलवर अर्धं बोट सरकलेला चेंडू

ति. फर्गसमामांस मरडोचा सादर नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मॉरव्हेनमामींचा राग दोन्ही एव्हाना उतरले असतील अशी आशा आहे. (हे मामींना वाचून दाखवताना गुडघ्यापाशीच थांबा.) त्यांनी धाडलेला ओट्सचा केक पोचला. फाइफच्या वाऱ्यात तीन दिवस त्याच्यावरच तगलो. देव त्यांचं भलं करो.

तर झालं असं. गोल्फच्या या पात्रता फेरीतून पहिल्या दहांना मोठ्या स्पर्धेत प्रवेश होता आणि शेवटच्या दिवशी मी नववा होतो. सोळाव्या होलवर चेंडू उंच गवतात गेला. मी फटक्यासाठी चेंडूमागे काठी टेकवली मात्र, तो अर्धं बोट सरकला. पाहिलं कोणीच नाही (एक मेंढी होती, पण तिचं तोंड समुद्राकडे). पण आपल्या हातून चेंडू हलला की दंड, म्हणून मी हात वर करून पंचांना बोलावलं. तर माझ्याबरोबर खेळणारा टॉर्क्विल (पंचविशीतला, भला, पण वकिलाचा मुलगा) माझीच वकिली करायला लागला. "वाऱ्यानं हलला असेल हो." पंच बेअर्डबाई आल्या, गवतात गुडघे टेकून बसल्या नि म्हणाल्या, "नीट आठवून सांग. तुला दंड करायची मला हौस नाही." स्वतःचाच गुन्हा शाबीत करायला मला वीस मिनिटं लागली, मामा. शेवटी एका फटक्याचा दंड पदरात पडला.

मग क्लबात जो तो पाठ थोपटू लागला. मी इतका फुगलो, की टॉर्क्विलने नोंदलेलं माझ्या फटक्यांचं कार्ड न वाचताच सहीला पेन टेकवलं. टॉर्क्विलने मनगट धरलं. "थांबा. बाराव्याला मी तुमचे चार लिहिलेत. पाच होते ना?"

होते. एक फटका कमी दाखवणाऱ्या कार्डावर सही झाली असती तर स्पर्धेतून हकालपट्टी, वर लबाड म्हणून बोभाटा. चाराचे पाच करून मगच सही केली. त्या फटक्याने मी अकरावा आणि टॉर्क्विल दहावा. बिचारा माझ्याहून रडवेला झाला, मासे-बटाटे खाऊ घातल्याशिवाय सोडेना. आता प्रतीक्षायादीत मी पहिला आहे. जागा मिळो न मिळो, त्या पोराचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

तुमचा,
मरडो

ता.क. हा प्रामाणिकपणा कुठून आला, असं एका बातमीदाराने विचारलं. भावनेच्या भरात मी तुमचं नाव सांगून बसलो. तो गुरुवारी तुमच्याकडे येतोय. कृपा करून त्याच्यासमोर खेळू नका, आणि मामींना त्या दिवशी बहिणीकडे पाठवा.

आणखी एक. गवतातला चेंडू तुम्ही बुटाने बाहेर ढकलता हे मामींना तीस वर्षं ठाऊक आहे. पण आभार खोटे नाहीत हो. चेंडू हलताना कसा दिसतो, हे मी तुमच्याकडे बघूनच शिकलो.