शिबिराचा फॉर्म

दिपिका,

"नाटकाला गेलीस तं माज्यासंगती मिठागरावर कोन येल?" मी नववीत असताना माझी आई असं म्हणाली, आणि शाळेच्या नाटकातलं माझं काम दुसरीला गेलं. कालपासून तोच आवाज कानात फिरतोय.

मी उरणला कामावर चालले. तुझ्या आकाशदर्शन शिबिराचा फॉर्म देव्हाऱ्यापाशी आहे. सही केलीय, चुरगळलेला म्हणून इस्त्रीही फिरवलीय. आज शेवटचा दिवस, दहाच्या आत बाईंना दे. भाकरी खाऊन जा.

तुला उठवायला दोनदा आत आले, पण तोंडावर बोलवेना. तीन दिवस तू दप्तर उलटंपालटं करत राहिलीस आणि मी बघत राहिले. फॉर्म हरवला नव्हता, लेकी. पंधरा दिवस तुझ्याशिवाय घर खायला उठेल, म्हणून मीच तो तांदळाच्या डब्यात लपवला होता.

आई