सिस्टरची उडी वाढवू नये

मी, बर्नडेट मेरी थ्रेलफॉल, राहणार प्रेस्टन, लँकेशर, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे का, अशी शंका माझ्या कॉम्प्युटर गेमच्या परीक्षणांत घेतली गेली होती. म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर धाकटी बहीण विनिफ्रेड हिला. मागच्या दारचे गुलाब तिने निर्दयपणे छाटू नयेत.

२. बचत आमच्या चर्चच्या गळक्या छपराला.

३. रबरी बटणांचा जुना कॉम्प्युटर आणि त्यात कॅसेटवरून गेम भरायचा कॅसेट प्लेअर विनिफ्रेडला. याच कॉम्प्युटरवर १९८४ साली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, मी ‘मठाच्या छपरावर’ हा गेम लिहिला. त्यात जाडजूड सिस्टर अलॉयशिया छत्री घेऊन कौलांवरून उड्या मारते आणि हरवलेल्या घंटा गोळा करते. खऱ्या सिस्टरांनी मला कॉन्व्हेंटमध्ये गणित शिकवलं. मुलींना ते कशाला, असं बिशपसाहेब म्हणाले, तेव्हा सिस्टरांनी त्यांच्यादेखतच पुढचं उदाहरण फळ्यावर घातलं.

४. तीस वर्षांनी मी दुसरा भाग काढला, तोही कॅसेटवर. सिस्टरचंही वय वाढलं होतं, म्हणून तिची उडी तोकडी केली. केवढा गहजब! ब्लॅकबर्नला जुन्या गेमच्या शौकिनांच्या मेळाव्यात, पोरवयात पहिला भाग खेळलेले टक्कलवाले पुरुष मला घेरून उभे राहिले.

“बाई, उडी बिघडलीय! पहिल्याच छपरावरून पडते ती!”

“तुमचे गुडघे कसे आहेत?” मी विचारलं.

भावाचा मुलगा जेरार्ड कानाशी लागला, “आत्या, प्रोग्रॅममधला एक आकडा बदल ना. लोक हसतायत.”

“हसू देत.”

तेवढ्यात विनिफ्रेड खेळायला बसली, दोनदा पडली. “मरो तुझा गेम, मी चहा घेऊन येते,” म्हणत उठली. परतली तेव्हा सिस्टर धुराड्याला टेकून जपमाळ ओढत बसली होती. विनीने बटण दाबलं आणि सिस्टर अख्खी गल्ली ओलांडून गेली! दम खाऊ दिला की ती पूर्वीसारखी झेपावते. हे मी मुद्दाम घातलं होतं, पण बटणांवरचा हात कुणी काढेल तर ना. मग एकाने हळूच विचारलं, “चहा कुठे मिळतो?”

५. दोन्ही गेमचे हक्क विनिफ्रेडला. जेरार्डने एका कंपनीशी बोलणी चालवली आहेत: गेम फोनवर आणायचा, सिस्टरला सडपातळ करायचं, उडी वाढवायची. मला हे नामंजूर आहे, आणि मेल्यावरही नामंजूरच राहील. सिस्टर जाड राहील, म्हातारी राहील, उडी आहे तेवढीच राहील. जेरार्डला माझी आरामखुर्ची. तिच्यात बसायला शिकावं.

६. दफनाची घाई करू नये. मला आधी थोडं पडू द्यावं, सगळ्यांनी बसून चहा घ्यावा. मग उचलावं. पुढची उडी मोठी आहे.

सही: बर्नडेट मेरी थ्रेलफॉल
प्रेस्टन, १४ ऑक्टोबर २०१९

बर्नडेटने आम्हा दोघांच्या देखत सही केली. यातून आम्हाला काही मिळणार नाही, तो चहा सोडून.
साक्षीदार: ह्यू सोअरबट्स, शेजारी
मॉइरा कनिफ, शाळासोबती