भिंतीवरचं भोपळ्याचं बी

आत्याबाई, माझे गुडघे आता मला परड्यात बसू देत नाहीत. प्लास्टिकचं स्टूल घेऊन जाते, त्यावर बसून खुरपते, आणि दोन वाफे होईस्तोवर कंबर बोलायला लागते. तुम्ही याच वयात उकिडव्या बसून सबंध परडं एका सकाळी भांगलायच्या आणि वर माझ्याकडं बघून म्हणायच्या, ‘‘दमलीस व्हय गं? अजून तर काय केलंच न्हाईस.’’ यंदा लावलंय ते थोडंच. चार वांगी, मिरचीची एक ओळ, एक दोडका, कडेला घेवडा. मिरचीची पानं आकसली, तर तुमच्यासारखंच आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडलं. घेवड्यावर मावा आला की सकाळच्या दवात राख उधळते. पण घरात गॅस आल्यापासून राखसुद्धा मागून आणावी लागते. गुऱ्हाळावरून डबाभर आणून ठेवते. खरं सांगू, कंटाळा येतो. भाजी दारावर येते, मुलगा म्हणतो कशाला मरतेस. तरी पण पाऊस जवळ आला की हात स्वस्थ बसत नाहीत.

मी सांगलीची. आमच्या घरी भाजी मंडईतून पिशवीत यायची आणि स्वयंपाक स्टोव्हवर व्हायचा. कडेगावजवळच्या तुमच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा मला कोथिंबिरीचं रोप आणि गाजराचं रोप वेगळं ओळखता येत नव्हतं. तुम्ही साऱ्या आळीला हसून सांगितलं होतं, ‘‘आमच्या सुनंला वाटतं भाजी पिशवीतच उगवतीया.’’ राग आला होता मला, पण शिकवलंतही तुम्हीच. आपल्या आणि शेजारच्या जाऊबाईंच्या, म्हणजे चुलत दिरांच्या घरच्या, अशा दोन्ही न्हाण्यांचं पाणी एकाच चारीनं परड्यात यायचं. आधी अळवाला, मग केळीला, मग पलीकडं जाऊबाईंच्या मिरचीला. दोन्ही परड्यांच्या मध्ये नुसत्या काट्या रोवलेल्या. पाणी आटायला लागलं तसं तुम्ही फुटक्या मडक्याच्या बुडाला भोक पाडलंत, त्यात चिंधीची वात घातलीत आणि वांग्याच्या मुळाशी ते पुरलंत. एक तांब्या पाणी तीन दिवस पुरायचं. ही युक्ती मी आजही करते.

बी कसं राखायचं, ते मात्र शिकवायचं राहून गेलं. ज्या साली मी आले त्याच साली पाऊस गेला, तो बहात्तरचा दुष्काळ. भोपळा लावलाच नाही, मग बी धरायचं कशाचं? तुमच्या मेढ्याकडच्या माहेरचं जुनं बी तसंच राहिलं. जाऊबाई ते मागायला आल्या होत्या, माझ्यासमोर. तुम्ही म्हणालात, ‘‘माज्या आईनं दिल्यालं बी हाय. घरातनं भाईर जायाचं न्हाई.’’ त्या हिरमुसून गेल्या. ते बी कुठं आहे हे मी विचारलं नाही. मला वाटलं असेल कुठल्यातरी गाडग्यात.

त्या उन्हाळ्यात तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतात. आपली बैलं चाऱ्याअभावी पाहुण्यांकडं दिलेली, म्हणून शेण नाही, म्हणून शेणी नाहीत. मला सातवा महिना, मी घरी. एक दिवस दुपारी यांच्या पलटणीतला एक जवान दारात उभा राहिला. सुट्टीवर औंधला निघाला होता, यांचं पत्र आणि माझ्यासाठी लोकरीची शाल घेऊन वाकडी वाट करून आलेला. त्याला चहा तरी द्यायला हवा. शेणी रचून ठेवायचा हुडवा झाडून बघितला, तर नुसता भुगा. मग स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर चार लहान, गोल, वाळलेल्या शेणी दिसल्या. त्या मी उचकटल्या आणि चुलीत घातल्या. थोड्या वेळानं चुलीत तडतड वाजायला लागलं. म्हटलं शेणात खडे असतील. जवान बाहेर बसून यांच्या गमती सांगत होता आणि मी हसत होते. चहा छान झाला होता.

संध्याकाळी राख काढताना अर्धवट जळालेल्या बिया हाताला लागल्या. चपट्या, काळ्या पडलेल्या, दोनचार तर अजून शेणात तशाच घट्ट बसलेल्या. मला कुणी सांगायला नको होतं, कळलं. किडीनं खाऊ नये म्हणून तुम्ही ते बी राखेत घोळून, ओल्या शेणात दाबून भिंतीला थापलं होतं. मी ती राख अळवाच्या बुडात ओतली आणि वर माती ओढली. तुम्ही आलात तेव्हा तुमच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. तुम्ही शाल बघितलीत, माझ्या खांद्यावर टाकलीत आणि म्हणालात, ‘‘लय ग्वाड दिसतीया.’’ मी मनाशी म्हटलं, उद्या सांगू.

पुढचा पाऊस आला तेव्हा तुम्ही भिंतीपाशी उभ्या राहिलात. चार गोल डाग तेवढे राहिलेले. ‘‘हितल्या थापट्या कुनी काढल्या गं?’’ बाळ मांडीवर होतं. मी म्हटलं, ‘‘मला काय ठावं, आत्याबाई.’’ एवढंच. तुम्ही काट्यांपाशी गेलात आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं बोललात. ‘‘मागून मिळालं न्हाई म्हून चोरलंस व्हय गं, भवाने?’’ जाऊबाई आधी हसल्या, त्यांना चेष्टा वाटली. मग रडायला लागल्या. ‘‘औंधच्या यमाईची आन घिऊन सांगते आत्याबाई, म्या हात लावला न्हाई.’’ त्यांनी बाजारचं बी लावलं होतं. त्यांच्या गोठ्यावर भोपळा चढला तेव्हा तुम्ही रोज त्याच्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, आपलाच हाय. त्याच महिन्यात तुम्ही चारी बुजवलीत. त्यांची मिरची माझ्या डोळ्यांदेखत वाळली. दिवाळीनंतर काट्यांच्या जागी भिंत आली. आळीतल्या बायका त्यांना परड्यात घेईनाशा झाल्या. कुणी पाठ फिरल्यावर तर कुणी तोंडावर ‘बीचोर’ म्हणायचं. मी पोळ्या लाटत राहिले. दर वर्षी वाटायचं, आता फारच उशीर झाला.

शेवटच्या आजारपणात मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही वाटी बाजूला सारलीत. ‘‘मागितलं तवाच मूठभर द्याला पायजे हुतं. माजंच चुकलं. त्या पोरीला म्या चोर केलं.’’ तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. या घरात मी तुम्हाला रडताना कधी बघितलं नव्हतं. आत्याबाई, चुकलं माझं होतं आणि मी ते तुम्हाला घेऊन जाऊ दिलं. मी पदरानं तुमचं तोंड पुसलं आणि म्हटलं, आता कशाला ते, दोन घास खा. लाज वाटते मला त्या वाक्याची.

आता मी कुणालाही बी देते. मागितलं तर देतेच, न मागता कागदाच्या पुड्या बांधून देते. पहिलं चांगलं फळ तोडू नका, त्याला चिंधी बांधा, वेल वाळेपर्यंत राहू द्या, असं बजावून सांगते. लोक म्हणतात, बाई लय मोठ्या मनाची. मी ऐकून घेते.

माझ्याबद्दल भलती समजूत करून घेऊ नका, तुम्ही आता नाही म्हणूनच हे लिहायला जमतंय. तुम्हाला तर सहीच्या जागीही अंगठा लावावा लागायचा. जाऊबाई अजून आहेत, भिंतीपलीकडं. सकाळी त्यांच्या खोकल्याचा आवाज येतो, नातवाला हाक मारतात तीही ऐकू येते. हे पत्र खरं त्यांचं आहे. दहा पावलांवर दार आहे त्यांचं, आणि त्या चष्मा लावून रोज पेपर वाचतात. म्हणूनच ते मी तुम्हाला लिहिलंय.