पलीकडच्या किनाऱ्यावरची रोझरी

मनामा, बहरीन
शुक्रवार, १० ऑक्टोबर १९८६

प्रिय डोरोथीबाय,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार. मी इथे बरी आहे. आईच्या गुडघ्याला उतार पडला का? मी पाठवलेलं मलम ती लावते, की जपून अल्तारावर ठेवून दिलंय? तिला म्हणावं, संपलं तर दुसरं पाठवीन, पण लाव.

शुक्रवार म्हणजे आमचा इथला रविवार. सकाळी मिस्सेला गेले होते. मनामाच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मल्याळी, मंगळूरचे, गोव्याचे, फिलिपिनो, सगळे एकमेकांना चिकटून उभे. सित्राच्या रिफायनरीतली आपली वसईची पोरं कंपनीच्या बसने येतात. मिस्सेनंतर आवारात उभं राहून आपल्या बोलीत बोलून घेतात, तेवढ्यावर त्यांचा आठवडा जातो. आवाराच्या आत आम्ही घसा फुटेस्तोवर गातो. मिरवणूक काढायची तरी आवारातल्या आवारात, भिंतीबाहेर गप्प. पण तक्रार नाही. पाहुण्याला घरात बसायला मिळतंय, हेच खूप. मराठी गीतं मात्र कानावर पडत नाहीत. परवा रुग्णाचे कपडे बदलताना मी नकळत गुणगुणले, तर झोहरा म्हणाली, "ये कौनसा गाना है? रोने जैसा क्यों गाती है?" झोहरा आमच्या वॉर्डची क्लार्क. इथलीच आहे, माझ्याच वयाची, हिंदी आमच्याकडून शिकलेली.

विल्फ्रेडचं पत्र आलं नाही म्हणून आई वाट बघत असेल. त्याची साइट सध्या सौदीत दम्मामपासून लांब वाळवंटात आहे, तिथे पोस्ट नाही. काम फार आहे. आईला सांग, तो ठीक आहे.

पूल आता पुरा होत आलाय. बहरीनच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलं की समुद्रात त्याचे खांब पार सौदीकडे गेलेले दिसतात. लग्नाला तीन वर्षं झाली, पण सुट्टीचे दिवस सोडले तर एका छपराखाली विल्फ्रेड आणि मी राहिलोच नाही. विमानाने यायचं तर ते वर चढतं न चढतं तोच उतरतं, तरी व्हिसा, सुट्टी, साहेबाची सही, सगळं जमायला दोन-दोन महिने लागतात. पूल झाला की दर गुरुवारी संध्याकाळी येईन म्हणाला होता. "तू फक्त भात टाकून ठेव" म्हणाला होता.

रोझरीचा महिना आहे. संध्याकाळी आपल्या ओटीवर सगळे जमत असाल. माझ्या नावाने जपमाळेचं एक दशक म्हण. नको, त्याच्या नावाने म्हण.

तुझी,
फ्लॉरेन्स


मनामा
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर १९८६

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. वर्गातल्या पोरांना पकडतेस तसं मला बरोबर पकडलंस. "पोस्ट नसेल, पण तुझ्या पत्रात माझा भाऊ कुठेच नाही. तो काय खातो, कशावरून रुसला, काही म्हणजे काही नाही. खरं काय ते लिही." बाय, हे पत्र आईसमोर उघडू नकोस. वाडीत जाऊन वाच.

विल्फ्रेड अटकेत आहे. मागचं पत्र मी लिहिलं तेव्हाही तो अटकेतच होता.

समोरच्या किनाऱ्यावर चर्च नाही, हे तुला ठाऊक आहे. एकही नाही. उघडपणे नाही आणि घरातही नाही. बॅगेत बायबल सापडलं तर विमानतळावर काढून घेतात. गळ्यातला क्रूस आईने दिलेला, तो विल्फ्रेडने जाताना माझ्याकडेच ठेवला. पहिलं वर्ष त्याने कसंबसं काढलं. मग खोबर शहरात एका केरळी कुटुंबाच्या घरी काही जण शुक्रवारी जमू लागले. दार बंद, रेडिओ मोठा लावलेला आणि आत हलक्या आवाजात रोझरी. हे सगळं जमवणारा नंदाखालचा व्हॅलेरियन. तोच ना, आमच्या लग्नात ज्याने बँडवाल्याचा ट्रंपेट घेऊन वाजवला होता! विल्फ्रेड आणि तो एकाच कंपनीत.

मला हे कळलं तेव्हा मी फोनवर भांडले होते. म्हटलं, "मनातल्या मनात म्हण ना रे. देवाला काय ऐकू येत नाही?" तो हसला नाही. म्हणाला, "फ्लॉरी, 'नमो मारिये' मी म्हणतो गं. पण मग 'हे पवित्र मारिये' म्हणायला समोर कोणी नसतं. अर्धी प्रार्थना खोलीत तशीच राहते. वर्षभर मी अर्धीच म्हटली."

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी मुतव्वा आले. तिथल्या धर्मपोलिसांना मुतव्वा म्हणतात. शेजाऱ्याने सांगितलं असावं. बायका-मुलांना दम देऊन सोडलं, पुरुषांना गाडीत घातलं. मुतव्वांनी भिंतीवरचा येशूचा फोटो फोडला, जपमाळा एका पिशवीत भरून नेल्या. व्हॅलेरियन त्या दिवशी ड्युटीवर होता म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या हॉस्टेलवर फोन केला. "मी नव्हतो गं तिथे. मीच बोलावलेलं सगळ्यांना आणि मीच नव्हतो."

वकिलातीत जाऊन आले. त्यांनी नाव, पासपोर्ट नंबर लिहून घेतला, बघतो म्हणाले. इथली वकिलात तिथल्या गोष्टीत काय करणार? तिथल्या वकिलातीला कळवतो म्हणाले. मी जिन्यात बसून रडले.

मदत केली ती झोहराने. मी तिला काही सांगितलं नव्हतं. मी एकच इंजेक्शन दोनदा भरताना तिने पाहिलं आणि मला स्टोअररूममध्ये ओढून नेलं. ऐकून घेतलं, मग दाराला पाठ लावून उभी राहिली. तिची माणसं शिया. मला म्हणाली, "तेरे को क्या लगता है, खाली तुम्हारा लोग? उधर सौदी के कतीफ में मेरी खाला का घर है. मोहरम में हम इधर मनामा के रस्ते पर निकलता है, उधर वो लोग दरवाजा बंद करके रोता है." तिचा भाऊ हारून मोटारीचे सुटे भाग घेऊन बोटीने तिकडे जा-ये करतो, त्याची सासुरवाडीच कतीफची. चौकीतल्या एका शिपायाला त्याचा मेहुणा ओळखतो. तेवढ्या धाग्यावर हारून गेला आणि विल्फ्रेडला पाच मिनिटं भेटून आला.

हारूनने सांगितलं ते असं. अंगाने उतरलाय, पण मारहाण नाही. निदान दिसण्यासारखी नाही. रोज एकच विचारतात: लोकांना गोळा कोण करतं? तो सांगत नाही. हारून माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिस्टर, मेरे को शरम आता है. नमाज पढ़नेवाला आदमी दूसरे की नमाज को कैसे हाथ लगाता है?" मीच त्याची समजूत काढत बसले. त्याला चहा दिला.

इकडे दर शुक्रवारी मी चर्चमध्ये मोठ्याने गाते. फक्त एवढं पाणी मध्ये आहे, बाय. तेच ऊन, तीच बांग, तोच खारा वारा. एका काठाला मी गाते, दुसऱ्या काठाला त्याच गाण्यासाठी तो कोंडलेला. कधी कधी वाटतं, मीही गाऊ नये. मग वाटतं, त्याचंही मीच गायला हवं.

आईला काही सांगू नकोस. सांगायचं झालं तर तू ठरव. मला आता कळत नाही.

तुझी,
फ्लॉरेन्स


मनामा
शुक्रवार, ५ डिसेंबर १९८६

प्रिय बाय,

विल्फ्रेड सुटून घरी पोचला हे तुझ्या तारेने कळलं होतं, बाकीचं काल आलेल्या पत्राने. मी ते इतक्यांदा वाचलं की झोहरा म्हणाली, "खलास, अभी कागज फटेगा."

मला त्याला बघू दिलं नाही गं. चौकीतून थेट विमानतळ, तिथून मुंबई. हारूनने मेहुण्याकरवी खूप विनंती केली, बहरीनवरून जाऊ द्या, बायको तिथे आहे, दोन तास भेटेल. मफी, म्हणाले. नाही म्हणजे नाही. त्या दुपारी माझी ड्युटी होती. ते विमान आमच्या डोक्यावरून गेलं की दुसऱ्या वाटेने, मला ठाऊक नाही. मी मात्र गच्चीवर जाऊन प्रत्येक विमानाकडे बघत होते. चादरी वाळत घातल्या होत्या, त्यांच्या मधे उभी राहून.

तो गेल्यावर आठवडाभरात पूल उघडला. टीव्हीवर दिवसभर तेच. हारून आम्हां दोघींना गाडीतून बघायला घेऊन गेला. लोक पोराबाळांना घेऊन आले होते, फोटो काढत होते. झोहराने माझा हात धरून ठेवला.

आता तू विचारलंस त्याबद्दल. तू लिहिलंस, विल्फ्रेड कोणाशी बोलत नाही. संध्याकाळी आई रोझरी सुरू करते तसा उठून वाडीत निघून जातो. आईला वाटतं, त्यांनी पोराची श्रद्धा मारून टाकली. आणि त्या रविवारी निर्मळला मिस्सेनंतर व्हॅलेरियनची बायको ऑलिव्ह समोर आली, तू हसलीस, तर तिने तोंड फिरवलं. "तिला आम्ही काय केलं?" असं तू विचारतेस.

बाय, मला हे हारूनकडून महिन्याभरापूर्वीच कळलं होतं. तुला लिहायला हात धजत नव्हता.

विल्फ्रेडने व्हॅलेरियनचं नाव सांगितलं.

महिनाभर त्याने दम धरला. व्हॅलेरियनची सुट्टी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, तिकीट काढलेलं होतं, हे त्याला माहीत होतं. तो दिवस उलटेपर्यंत तो थांबला. मग व्हॅलेरियन वसईत पोचला असणार, आता नाव घेतलं तर त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा हिशेब करून त्याने नाव घेतलं. पण कंपनीने व्हॅलेरियनची सुट्टी पुढे ढकलली होती. आत बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्याच संध्याकाळी त्यांनी व्हॅलेरियनला क्वार्टरमधून उचललं आणि आणून त्याच चौकीच्या व्हरांड्यात उभं केलं. विल्फ्रेडने त्याला पाहिलं. त्यानंतर तो जेवला नाही, असं शिपाई सांगत होता.

व्हॅलेरियनलाही दोन आठवड्यांनी परत पाठवलं. दोन मुली शाळेत, घर अर्धं बांधलेलं. ऑलिव्ह तोंड फिरवणार नाही तर काय करेल? मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

म्हणून तो वाडीत जातो, बाय. त्याची श्रद्धा गेली असं मला वाटत नाही. तुम्ही 'आमच्या अपराधांची आम्हांला क्षमा कर' म्हणता ना, तिथे तो बसू शकत नसेल. आईला एवढंच सांग. की नको सांगू? सांग. तिने तीन मुलं वाढवली, एक पुरलं, तिला कळेल.

त्याने मला चार ओळी लिहिल्या. "तू येऊ नकोस. तुझी नोकरी चांगली आहे, तिथे तुला चर्च आहे. मी कोणाला तोंड दाखवण्यासारखा राहिलो नाही." मी ते वाचलं आणि राजीनामा घेऊन मॅट्रनच्या केबिनमध्ये गेले. तिने मला बसवलं, पुढच्या वर्षी इन्चार्ज करीन म्हणाली. झोहरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ईसा टाउनच्या बाजारातून माझ्यासाठी एक जाड शाल घेऊन आली आणि टेबलावर टाकली. म्हणाली, "तेरे गाव में ठंड होता है ना?" असते म्हटलं. वसईला कसली थंडी! पण मी घेतली.

मी नाताळच्या आधी येते. त्याला सांगू नकोस, नाहीतर दुसरं पत्र लिहील.

आल्यावर आधी आईला भेटेन, मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन नंदाखालला जाईन. तो नाही म्हणेल. म्हणू दे. मी त्याला हाताला धरून नेईन, सगळ्या गावादेखत. व्हॅलेरियन काय म्हणेल, ऑलिव्ह काय म्हणेल, मला माहीत नाही. क्षमा मागायला जायचं म्हणजे ती मिळेलच असं धरून जायचं नसतं. दार उघडलं तर आत जाऊ. नाही उघडलं तर दोघं मिळून परत येऊ. एवढी वर्षं मला तेवढंच हवं होतं गं, कुठूनही असो, दोघांनी मिळून घरी परत यायचं.

तोवर तो वाडीत गेला की मागून कोणी जाऊ नका. पण दार ओढून घेऊ नका.

तुझी भावजय, तुझ्या भावाची
फ्लॉरेन्स