गुरुबळ आणि गुरूचे चंद्र

मालवण,
२० ऑक्टोबर १९६३

चि. श्रीपाद यास अक्काचे अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि पुढ्यातला चहा तसाच राहिला. नीरजेला यंदा गुरुबळ आहे, म्हणून तिचं बी.एस्सी. अर्ध्यावर सोडवून मार्गशीर्षात लग्न उरकणार म्हणतोस? ज्याच्या भरवशावर पोरीचं कॉलेज बंद करतोस, त्या गुरूला तू कधी नीट पाहिलं तरी आहेस का? मी पाहिलं आहे. कॉन्व्हेंटच्या गच्चीवरून आमच्या सिस्टरांनी दाखवला होता. जन्मभर मुलींना शिकवलं, ते निवृत्तीनंतर स्वतःच्या भाचीला चुलीपुढे बसलेली बघायला नव्हे.

बाबांची गलबतावरची दुर्बीण तुझ्याकडेच आहे. दिवाळीची नीरजा घरी आहे, तिला गुरू दाखवायला सांग. दुर्बीण माडाला टेकवून धर, रागावलास की तुझा हात थरथरतो. मग खुशाल लग्नाचं बोल.

सावित्रीला आशीर्वाद. राग इथेच ठेवला आहे, माया तेवढी पोचती करून घ्यावी.

अक्का

मिठबाव,
६ नोव्हेंबर १९६३

ती. अक्कास कृ. सा. न. वि. वि.

परवा संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत उपाशी खळ्यात बसलो होतो, तेव्हा नीरजेने दुर्बीण हातात दिली. गुरूशेजारी चार ठिपके दिसले. भिंग मळलं असेल म्हणून धोतराने पुसलं, तरी चारही तिथेच. काल पाहिलं तर त्यांनी जागा बदललेल्या!

नीरजा म्हणाली, हे त्याचे मोठे चंद्र. नुसत्या डोळ्यांनीही दिसावेत इतपत उजळ आहेत, पण गुरूच्या झगझगाटात हरवतात. गुरूच्या ढगांवर उभं राहता आलं, तर त्यातला सगळ्यात जवळचा आपल्या चंद्राहून किंचित मोठाच दिसेल, मात्र सूर्य लांब म्हणून फिका. पुढचे दोघे त्याच्या निम्मे, चौथा आणखी लहान. मी विचारलं, मग तिथे संकष्टी कोणाला बघून सोडायची? सावित्री आतून म्हणाली, जो पयलो येतलो तेका बघून जेवा, भात निवता. सगळेच हसलो. पोर घरात इतकी बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

झगझगाट कोणाचा, ते तू लिहू नयेस. कळलं. मुलाकडच्यांना पदवीनंतर बघू असं कळवलं आहे. सोमवारी ती कोल्हापूरला कॉलेजात परत जाते.

धाकट्यावर लोभ असतोच, थोडा बोलूनही दाखवावा.

श्रीपाद

मालवण,
८ नोव्हेंबर १९६३

चि. श्रीपाद यास अ. आ.

लिहू नको म्हणतोस, म्हणून लिहीत नाही. सोमवारी नीरजेच्या ट्रंकेत ती दुर्बीण घाल. तू गुरू नुसत्या डोळ्यांनी बघ. शेजारी चंद्र आहेत, हे आता तुला ठाऊक आहे.

राग उतरलेली,
अक्का