मधली तार

बाबा, आज गाडीचे प्लग आणि तारा घ्यायला ब्रह्मपुरीला गेले होते, तुमच्याच ओळीत. तुमचं गॅरेज होतं तिथे आता मोबाईलचं दुकान आहे, म्हणून दोन दुकानं सोडून जो स्पेअर पार्टवाला बसतो त्याच्याकडे गेले. माझी गाडी तुम्ही पाहिली नाही. जुनीच घेतली, आपल्या पांढऱ्या गाडीसारखी, तीन सिलिंडरची. माझी शाळा आरमोरीच्या पुढे, आत जंगलातल्या गावात आहे, गाडीवाचून जमत नाही. परवापासून चढावर झटके मारायला लागली. काउंटरवाला म्हणतो, "मॅडम, एकच प्लग काळा पडला, एकच बदलवा न. बाकीचे दोन चालते अजून." मी म्हटलं, तिन्ही द्या, आणि तारांचा अख्खा सेट द्या, ह्याच गाडीचा, दुसऱ्या गाडीचा कापून जोडलेला नको. तर हा म्हणतो, "सायबाले पाठवा ना, ते सांगतीन बराबर." असं डोकं फिरलं माझं! म्हटलं, "आमच्या सायबाले स्टेपनी कुठी असते तेही ठाऊक नाई. तुम्ही मले दाखवा." तेव्हा कुठे खोका उघडला त्यानं.

एक बदला, बाकीचे चालतात, हे मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं. आजोबा बोडीत, गावच्या तळ्यात, जाळं टाकायचे, तुम्ही पाना धरला आणि अख्ख्या ढिवर मोहल्ल्यात नाव काढलं, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण लोकांच्या गाडीत नवाकोरा सेट आणि घरच्या गाडीत काय? गिऱ्हाइकाचे काढून ठेवलेले प्लग, पॉलिश पेपरनं घासलेले. एक ह्याचा, एक त्याचा, तिसरा आणखी कुणाचा. तारासुद्धा तशाच, लांब पडली तर सुतळीनं बांधलेली. आई म्हणायची, "लोकाईले नवं आन् घरच्याईले उष्टं." तुम्ही म्हणायचे, "गाडी चालून राह्यली ना? मंग काऊन बोंब मारतं?" ते प्लग घासायची कोण? मी. उंबऱ्यावर बसून, लोखंड कापायच्या एक्सा ब्लेडचा तुकडा फटीत घालून अंतर बरोबर आहे की नाही ते पाहायची. काळा प्लग, तेलकट प्लग, पांढरा पडलेला प्लग, त्या रंगावरून इंजिनाचं दुखणं ओळखायला तुम्ही मला शिकवलं नाही. दुकानात राबणाऱ्या परक्यांना शिकवायचे, ते मी पाठमोरी बसून ऐकायची.

आणि ते प्राध्यापक आले होते तो दिवस आठवतो? त्यांची गाडी थरथरते आहे, तुम्ही प्लगमागून प्लग काढताय, मी चहा घेऊन उभी आहे. मला टिक टिक आवाज ऐकू येतो आहे, ठिणगी बाहेर उडाल्याचा. मी म्हणते, "बाबा, प्लग नाई, तार गेली." ते प्राध्यापक हसतात, म्हणतात, "वा रे वा, पोरगी हुशार आहे." तुमच्या नाकाला मिरच्या झोंबतात. "घरात जाय! गिऱ्हाइकापुढं लय शायनी नोको बनू." मी आत जाते. आणि खिडकीतून बघते तर काय, तुम्ही तार बदलताय. गाडी सुरू होते. ते तुमची पाठ थोपटतात, आणि तुम्ही थोपटून घेता. मला संध्याकाळी जेवताना काही म्हणाल असं वाटलं होतं. तुम्ही भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

त्यानंतर आठवड्यानं गडचिरोलीला डिप्लोम्याच्या प्रवेशाची शेवटची फेरी होती. मेकॅनिकल. आईनं तीन दिवस अबोला धरला तेव्हा तुम्ही अर्जावर सही केली होती. अकरा वाजता नाव पुकारणार, हजर नसलं तर जागा पुढच्याला. सातची बस होती. पण नाही, "घरी गाडी असतानी बशीत काऊन जायचं? लोकं काय म्हणतीन?" आरमोरी मागे टाकली, जंगल लागलं, बारीक झिरझिर सुरू होती, आणि गाडी जागीच मेली. तुम्ही प्लग काढले, पुसले, घासले, बसवले. पुन्हा काढले. एक बस खचाखच भरलेली, थांबलीच नाही. दुसरी थांबत होती तर तुम्हीच हातानं जा म्हणाले, "पाच मिनटं, होते आता." पाऊण तासानं एक ट्रकवाला उतरला, त्यानं कॉइलपासून येणारी, सगळ्या प्लगांना वीज पुरवणारी मधली तार उचलून दाखवली. तीच गेली तर तिन्ही प्लग काय करणार? तारेला चीर होती, तिथून ठिणगी बाहेर पत्र्यावर उडत होती. त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि गाडी पहिल्या चावीत सुरू झाली. दोन मिनिटांचं काम. आपण पोचलो तेव्हा माझी जागा गेली होती. परत येताना तुम्ही एवढंच म्हणाले, "नशिबात नव्हतं." नशीब! उष्ट्या तारेला तुम्ही नशीब म्हणाले. मी डी.एड. केलं, मास्तरीण झाले, आणि ही गोष्ट ज्याला त्याला सांगत आले. नवऱ्याला सांगितली, लेकीला सांगितली, शाळेतल्या बायांना सांगितली. बापानं घरच्या गाडीत नवी तार घातली नाही म्हणून माझं इंजिनियर होणं राहिलं. सगळ्या हळहळतात.

आज काउंटरवाल्यानं दुकानासमोरच तारा बदलून दिल्या आणि माझी जुनी तार वाकवून दाखवली. "मॅडम, एवढी चीर, आन् तुमच्यासारख्या जाणकार बाईले दिसली नाई?" तो थट्टेनंच म्हणाला. पैसे दिले आणि गाडीत येऊन बसले.

दिसली होती, बाबा. आजची नाही, तेव्हाची. त्या सकाळी आई डबा देत होती, बोनेट उघडं होतं, इंजिन सुरू होतं. टिक टिक आवाज आला, मी वाकून पाहिलं. मधली तार चिरलेली, पत्र्याला टेकलेली. जीभ उचलली आणि प्राध्यापकांपुढचं ते "घरात जाय" आठवलं. म्हटलं, नाही सांगत जा. गावाबाहेर एकदा खोकू दे गाडीला, मग तुम्ही मला विचाराल, "पाह्य बाई, काय झालं?" जंगलात तुम्ही ओल्या हातांनी प्लग पुसत होते तेव्हा मी मागच्या सीटवर मूग गिळून बसले होते. तुम्ही विचारण्याची वाट बघत होते. घड्याळात दहा वाजले, साडेदहा वाजले. हातावर हात ठेवून माझी जागा मीच जाऊ दिली, पण तोंड उघडलं नाही. तुम्हीही विचारलं नाही. आपण दोघंही एकाच मातीचे.

हे पत्र मी वहीच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे आणि ते कपाटातच राहणार. पण एक गोष्ट लिहायची राहिली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुम्ही मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "माह्या त्या तारेपायी तुही सीट गेली ना वं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलं होतं. मी म्हणाले, "हो." तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, बाबा.