वेत सैल ठेवायचा असतो

प्रिय ताई,

तुझे फोन येतात, पण चहाला उकळी फुटायच्या आत संपतात, म्हणून पत्र लिहायला बसले. ‘नोकरी सोडून आमची गोगलगाय आता खुर्च्या विणते,’ असं तू भाऊजींना सांगितलंस म्हणे. खरंच आहे. जेवायला तास लावायचे म्हणून तू ठेवलेलं नाव निदान आता तरी सार्थकी लागलं.

मागच्या गल्लीतल्या विणकर काकूंकडे मी रोज जाते. वेताची पट्टी आधी पाण्यात भिजवायची, मऊ झाली की खुर्चीच्या चौकटीतल्या भोकांतून ओवायची. एका खुर्चीची बैठक विणायला आठवडा सहज जातो. ऑफिसात तेवढ्या वेळात मी ढीगभर अहवाल पाठवायचे, त्यातला एकही आज आठवत नाही. इथे मात्र कुठल्या खुर्चीच्या कुठल्या कोपऱ्यात माझी पट्टी तिरकी गेली, ते झोपेतून उठवून विचार.

पहिली खुर्ची बाबांचीच घेतली, खिडकीजवळची, जी तू भंगारात द्यायला सांगितली होतीस. पट्टी अशी ताणली, की टिचकी मारली तर टणटण वाजावी. सैल ठेव, सुकला की वेत आपला आपण ताणतो, असं काकूंनी दोनदा बजावलं. ऐकेन तर मी कसली? वर बाबांना बोलावून मिरवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवत होतो, तर आतून फटाफट आवाज. सुकता सुकता अख्खी बैठक तुटली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आणि ताई, बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच, ठसका लागेपर्यंत हसले. मी खुर्ची विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले. मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून तेही काकूंकडे येतात. आजारानंतर उजवा हात अजून हळूच चालतो, पण या कामात घाई आहे कुणाला? बादलीपाशी बसून पट्ट्या भिजवतात, रेडिओच्या आवाजावरून काकूंशी वाद घालतात. हल्ली ओवायलाही लागलेत. शर्टाची बटणं आता त्यांची ते लावतात.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. पुढच्या महिन्यात तू बाबांना कायमचं न्यायला येते आहेस. तुझ्याकडे खोली मोठी आहे, दवाखाना जवळ आहे, तुझा त्यांच्यासाठी जीव तुटतो. हे त्यांना कळतं, म्हणूनच फोनवर ते हो-हो म्हणतात आणि फोन ठेवला की चपला घालून काकूंकडे निघतात. काल मी सरळच विचारलं. हातातली ओली पट्टी पुसत म्हणाले, “तिला नाही म्हणवत नाही गं मला. तूच लिही.” म्हणून लिहिलं. तू जरूर ये, चार दिवस निवांत राहा. तुझ्यासाठी ते एक खुर्ची विणताहेत, अगदी सैल हाताने. तू येईपर्यंत सुकेल. परतीचं तिकीट मात्र एकटीचंच काढ.

तुझीच,
गोगलगाय